कानावर गुडघा नेमका कुठे असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६२ वर्षांची. दोन्ही गुडघे दुखतात, तरुणपणापासून अर्धशिशी आहे, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. ओळखीतले एक गृहस्थ कानाला बिया चिकटवतात. 'पाच हजार वर्षांचं चिनी शास्त्र आहे, कानात सगळं शरीर असतं, गुडघे थांबतील, वजन उतरेल, हळूहळू साखरेच्या गोळ्याही सुटतील,' असं ते म्हणतात. अंगाला सुया टोचणं आणि कानाला टोचणं यात फरक काय, आणि आईला नेऊ की नको?

मी गेली बावीस वर्षं सुया लावते. आधी एमबीबीएस, मग चीनमध्ये नानजिंगला जाऊन तीन महिने शिकले, परत आले ती यातच राहिले. म्हणजे माझं पोट याच सुयांवर आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पहिली गोष्ट, साखरेची एकही गोळी बंद करायची नाही. कानातल्या बीनं मधुमेह जात नाही. जो माणूस गोळ्या सोडायला सांगतो, त्याच्याकडे गुडघ्यासाठीसुद्धा जाऊ नका. त्याला सुई लावता येत असेल कदाचित, पण कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि या धंद्यात तेच जास्त महत्त्वाचं आहे.

आता ते पाच हजार वर्षांचं. चीनमध्ये हुनान प्रांतात मावांगद्वी इथं १९७० च्या दशकात जुनी थडगी उघडली. त्यातलं एक इसवी सन पूर्व १६८ मध्ये बंद केलेलं होतं, आणि त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ निघाले. त्यांत शरीरातल्या अकरा वाहिन्यांचं वर्णन आहे, त्यांवर दवण्याच्या जातीच्या वनस्पतीनं डाग देण्याचं आहे, एका वाहिनीचं तर नावच 'कानाची वाहिनी' आहे. सुया मात्र नाहीत. बारा वाहिन्या आणि सुया ही पद्धतशीर मांडणी दिसते ती 'ह्वांगदी नेइजिंग' या ग्रंथात, तो साधारण इसवी सन पूर्व पहिल्या-दुसऱ्या शतकातला. पुढे तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी यानं सुया टोचायच्या बिंदूंची जंत्री लावली, १०२७ च्या सुमारास सुंग दरबारात वांग वेइयी यानं बिंदू कोरलेले कांस्याचे पुरुषभर पुतळे ओतवून घेतले. म्हणजे दोन हजार वर्षं म्हणा. तीही काही कमी नाहीत, मग आणखी तीन हजार कशाला जोडायची?

आणि ही दोन हजार वर्षं एका सरळ रेषेत गेली असंही नाही. १८२२ मध्ये चीनच्या बादशहानं राजवैद्यांच्या खात्यातून ॲक्युपंक्चर काढून टाकलं. १९२९ मध्ये तर सगळं पारंपरिक वैद्यकच बंद करण्याचा सरकारी प्रस्ताव होता, वैद्यांनी शांघायमध्ये एकत्र येऊन तो हाणून पाडला. आज आम्ही ज्या केसासारख्या बारीक सुया वापरतो आणि ज्या जागा शिकतो, त्यात चंग दानआन या विसाव्या शतकातल्या वैद्याचा हात मोठा आहे. जुन्या सुया जाड असत, त्यांत नश्तराच्या जातीच्याही होत्या, रक्त काढणं हा उपचाराचा मोठा भाग होता. चंगनं बिंदू रक्तवाहिन्यांपासून दूर सरकवले आणि आधुनिक शरीररचनेशी जुळवून घेतले. नंतर माओच्या राजवटीत १९५६ मध्ये बेजिंग, शांघाय, ग्वांगजौ आणि छंगदू इथं पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालयं निघाली, तिथे त्याची पाठ्यपुस्तकं झाली. मी नानजिंगला जे शिकले ते या पाठ्यपुस्तकांतलं होतं. एखाद्या गुहेतल्या म्हाताऱ्यानं दिलेला मंत्र नव्हे.

आता कान. इथे बहुतेक लोकांना धक्का बसतो. नेइजिंगमध्ये 'कान ही सर्व वाहिन्या एकत्र येण्याची जागा' असं वाक्य आहे, पण कानावर उलट्या बाळाचा तो नकाशा, पाळीवर डोकं, वरच्या भागात पाय, आतल्या वाटीत पोट-छाती, हा त्यात कुठेही नाही. तो नकाशा काढला फ्रान्समधल्या ल्योंच्या एका डॉक्टरनं. पॉल नोजिए त्याचं नाव. १९५० च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं, की काही पेशंटांच्या कानाच्या वरच्या भागात डागल्याचा व्रण आहे, आणि ते सांगतात की मार्सेयच्या एका बाईनं तिथे डाग दिल्यावर सायटिका थांबली. आपल्याकडे कावीळ किंवा कंबरेसाठी डाग देणारे असतात, तशीच ती. नोजिएनं तिला हसण्यावारी न नेता विचार केला: कंबर इथे असेल, तर बाकीचा कणा कुठे? कानाच्या आतल्या उंचवट्याला, ज्याला अँटिहेलिक्स म्हणतात, त्यानं उलटा कणा मानलं आणि त्यावरून बाकीचं शरीर मांडलं. १९५७ मध्ये एका जर्मन मासिकात ते छापून आलं, १९५८ मध्ये त्याचं चिनी भाषांतर शांघायला प्रसिद्ध झालं. चिन्यांनी ते लगेच उचललं, नानजिंगच्या सैनिकी पथकानं हजारो पेशंटांचे कान तपासले, स्वतःचे बिंदू घातले, काही हलवले. खेडोपाडी फिरणाऱ्या 'अनवाणी डॉक्टरां'ना ते फार सोयीचं पडलं: पेशंटला कपडे काढायला नकोत, पलंग नको.

म्हणून आज दोन नकाशे आहेत, फ्रेंच आणि चिनी. आणि तुमच्या आईच्याच दुखण्याचं उदाहरण घ्या. फ्रेंच नकाशात गुडघा कानाच्या वरच्या त्रिकोणी खळग्यात आहे. चिनी नकाशात तो त्या खळग्याच्या शेजारच्या, वर जाणाऱ्या कंगोऱ्यावर आहे. एका कानात एकाच गुडघ्याच्या दोन जागा, आणि दोन्हीकडचे लोक सांगतात की आमच्या जागेनं गुण येतो. १९९० मध्ये ल्योंमध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत कानाच्या बिंदूंची नावं एकसारखी करायचा प्रयत्न झाला, १९९२ मध्ये चीननं स्वतःचं राष्ट्रीय मानक काढलं. नावं जुळली, जागा सगळ्या जुळल्या नाहीत.

मग आम्ही करतो काय? बोथट टोकाची सळई घेऊन त्या भागात हलकेच दाबत जातो. जिथे पेशंट 'आई गं' म्हणून डोळे बारीक करतो, ती जागा धरायची. नकाशा फक्त कुठल्या गल्लीत शोधायचं ते सांगतो. हे ऐकून तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं तर मी समजू शकते, मलाही नानजिंगहून परत आल्यावर पहिली दोन वर्षं वाटत होतं.

तरीही कान हा निव्वळ कल्पनेचा खेळ आहे असं मी म्हणणार नाही. एवढ्याशा अवयवाला चार-चार नसांचे धागे येतात: मानेतून येणाऱ्या दोन, चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेची एक फांदी, आणि व्हेगस नसेची एक. ही व्हेगस मेंदूतून निघून हृदय, फुप्फुस, पोटापर्यंत जाते. त्वचेवर तिची फांदी पोचते ती कानात आणि कानाच्या नळीतच. कानात बड घातल्यावर काही लोकांना एकदम ठसका लागतो, तो हिच्यामुळे. कानाच्या आतल्या वाटीच्या वरच्या भागाला तीच संवेदना पुरवते, आणि आता त्या जागी बारीक विजेचा प्रवाह देऊन फीट, नैराश्य, वेदना यांवर काय होतं ते तपासणं चालू आहे. म्हणजे कान दाबल्यानं मेंदूकडे काहीतरी जातं, यात शंका नाही. 'इथे दाबलं की गुडघाच बरा होतो' हे मात्र वेगळं विधान आहे, आणि त्याचा पुरावा फार कच्चा आहे.

अंगावरच्या सुयांकडे वळते, कारण आईसाठी माझा कौल तिकडे आहे. मुख्य बिंदू ३६१. जागा 'त्सुन'नं मोजतात, म्हणजे पेशंटच्याच अंगठ्याची रुंदी, चार बोटं मिळून तीन त्सुन. आयुर्वेदात स्वांगुळी असते तसंच. गुडघ्यासाठी हमखास घेतला जाणारा बिंदू त्सूसानली: गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरच्या खळग्यापासून चार बोटं खाली आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर. नावाचा अर्थ 'पायाचे तीन ली', ली हे चिनी मैलासारखं माप. दुसरा प्रसिद्ध बिंदू अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल जागी आहे, डोकेदुखी-दातदुखीसाठी वापरतात. त्याचा चिनी उच्चार साधारण 'हगू' असा आहे, त्यामुळे मराठी पेशंटसमोर मी त्याला मुकाट्यानं 'एलआय फोर' म्हणते, म्हणजे मोठ्या आतड्याच्या वाहिनीवरचा चौथा बिंदू. गरोदरपणी तो टाळतात.

सुई पोकळ नसते, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, इंजेक्शनच्या सुईच्या निम्म्याहून कमी. आत जाताना डास चावल्याइतकंही कधी कळत नाही. कळतं ते नंतर, सुई हळूच फिरवली की. चिनी भाषेत त्याला 'द छी' म्हणतात आणि त्याचे चार शब्द सांगतात: स्वान, मा, झांग, झुंग. मा म्हणजे बधिर, झांग म्हणजे फुगल्यासारखं, झुंग म्हणजे जड. स्वान म्हणजे शब्दशः आंबट. नानजिंगमध्ये आमच्या वर्गातले युरोपियन विद्यार्थी या 'आंबट'वर अडून बसायचे, दुखणं आंबट कसं असेल म्हणून. मी एकटी हसत होते. आपण म्हणतोच ना, 'चालून चालून पाय आंबले'? तेच ते. ते आंबल्यासारखं आलं की पेशंटला म्हणायचं, आता पडून राहा, वीस-पंचवीस मिनिटं.

हे कसं काम करतं यावर बेजिंगमध्ये हान जिशंग यांनी आयुष्यभर संशोधन केलं. सुयांना विजेचे ठोके दिले तर शरीर स्वतःची अफूसारखी वेदनाशामक द्रव्यं सोडतं, आणि सेकंदाला दोन ठोके दिले तर एक प्रकारची, शंभर दिले तर दुसऱ्या प्रकारची, हे त्यांनी दाखवलं. २०१० मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात त्सूसानलीला सुई फिरवल्यावर तिथल्या पेशींभोवती ॲडेनोसिन वाढलेलं दिसलं, तेही वेदना कमी करतं. वाहिन्यांतून वाहणारी 'छी', म्हणजे चिनी वैद्यकातली प्राणशक्ती, अजून कुणाला सापडलेली नाही. मी ती शब्दकोश म्हणून वापरते, त्या भाषेत शिकले म्हणून.

पण पेशंटला काय, गुण येतो का ते महत्त्वाचं. तर जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ पेशंटांवर मोठा अभ्यास झाला, २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला खरं ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला खोटं, म्हणजे बिंदू सोडून भलत्याच जागी उथळ सुया, तिसऱ्याला औषधं-व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी गुण आलेले: खऱ्यात ४७.६ टक्के, खोट्यात ४४.२, नेहमीच्या उपचारांत २७.४. हे आकडे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ करायला लावते. आमचे विरोधक म्हणतात, बघा, खरं आणि खोटं सारखंच. आमचे लोक म्हणतात, बघा, औषधांपेक्षा कितीतरी सरस. दोघांचंही बरोबर आहे. माझ्या मते त्यातून निघतं ते एवढंच की सुई टोचणं, शांत पडून राहणं, कुणीतरी अर्धा तास लक्ष देणं या सगळ्याचा मिळून परिणाम होतो, आणि 'बिंदू अर्धा सेंटिमीटर चुकला म्हणून गुण आला नाही' हे आमचं पालुपद बहुतेक वेळा खोटं असतं. पुढे २०१८ मध्ये वीस हजारांहून अधिक पेशंटांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा खऱ्या सुया खोट्यांपेक्षा थोड्या सरस निघाल्या. थोड्याच, पण निघाल्या.

अर्धशिशीसाठी चित्र त्यातल्या त्यात बरं आहे. २२ अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये जो हिशेब मांडला गेला तो असा: महिन्यात सहा दिवस डोकं धरत असेल, तर नेहमीच्या उपचारानं पाच दिवसांवर येतं, खोट्या सुयांनी किंवा रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधानं चारवर, खऱ्या सुयांनी साडेतीनवर. आईला औषधं सोसत नसतील तर इथे सुया करून बघण्यात अर्थ आहे. मात्र डोकेदुखीचं रूप हल्ली बदललं असेल, कानशील दाबल्यावर दुखत असेल, केस विंचरताना टाळू दुखत असेल किंवा नजर अंधुक झाली असेल, तर थेट डॉक्टर, त्याच दिवशी. साठीनंतरच्या नव्या डोकेदुखीला मी तपासणी झाल्याशिवाय सुई लावत नाही.

गुडघ्यांचं जरा वादाचं आहे. अमेरिकेत ५७० पेशंटांवर झालेल्या २००४ च्या अभ्यासात फायदा दिसला. ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेनं मात्र २०२२ मध्ये संधिवाती झीज झालेल्या सांध्यांसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असं स्पष्ट लिहिलं, फरक पुरेसा मोठा नाही म्हणून. तीच संस्था अर्धशिशी टाळण्यासाठी दहा बैठकांपर्यंत सुचवते. माझ्या दवाखान्यात गुडघ्याचे पेशंट सगळ्यांत जास्त आहेत आणि बरेच जण जिना चढताना बरं वाटतं म्हणून परत येतात. पण मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि चार-पाच किलो वजन कमी, याला माझी सुई पर्याय नाही. व्यायाम करवत नाही इतकं दुखत असेल, तर दुखणं थोडं उतरवून व्यायाम सुरू करून देणं, हे काम ती करते. आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ बैठका. तेवढ्यात काहीच फरक नसेल तर थांबायचं. 'आणखी दहा घ्या, मुरायला वेळ लागतो' असं कुणी म्हटलं तर सुई मुरत नाही, पाकीट मुरतं.

वजनासाठी कानातल्या बिया: नको. बियांबरोबर जो आहाराचा कागद देतात, तो पाळला तर वजन उतरतं, आणि तो कागद फुकट मिळतो.

व्यसनासाठी कान, हेही विचारलं जातं. हाँगकाँगच्या डॉ. वेन यांनी १९७० च्या दशकात पाहिलं की कानाला विजेच्या सुया लावलेल्या अफूबाजांची तलफ उतरते. तिथून ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या लिंकन रुग्णालयात गेलं आणि पाच बिंदूंचा ठराविक संच तयार झाला. जगभर पसरला. पण २००२ मध्ये कोकेनच्या ६२० रुग्णांवर नीट तुलना केली तेव्हा खोट्या सुया किंवा नुसत्या शांत करणाऱ्या चित्रफिती यांच्यापेक्षा तो सरस ठरला नाही. शस्त्रक्रियेआधीची धाकधूक कमी करायला कानाचा उपयोग होतो असं मला दिसतं, तिथे मी वापरतेही.

जाता जाता दोन गैरसमज. भिकबाळी किंवा बुगडी म्हणजे आपलं प्राचीन ॲक्युपंक्चर, असा मजकूर मला दर महिन्याला कुणीतरी पाठवतं. सुश्रुतानं कान टोचायचं कारण स्वच्छ सांगितलंय, रक्षण आणि भूषण. पाळीतून ऊन पार दिसतं त्या पातळ जागी टोचा म्हणतो, नकाशा कसलाही नाही. अंत्रवृद्धीसाठी, म्हणजे हर्नियासाठी, कानाजवळची शीर विरुद्ध बाजूला वेधायला तो सांगतो हे खरं, पण तो शिरावेध आहे, म्हणजे शीर टोचून रक्त काढणं. दुसरा गैरसमज आपल्या लाडक्या डॉ. कोटणीसांबद्दल. सोलापूरचे कोटणीस चीनमध्ये शल्यचिकित्सक म्हणून राबले आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. त्यांच्या नावानं भारतात ॲक्युपंक्चरचे दवाखाने आहेत म्हणून लोकांना वाटतं, त्यांनीच ते आणलं. आणलं भारतातून चीनला गेलेल्या त्यांच्याच वैद्यकीय पथकातल्या, कोलकात्याच्या डॉ. बिजय बसूंनी, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन, शिकून. पाच जणांच्या त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, त्यांचं नाव तर कुणी घेतच नाही.

धोक्यांबद्दल. जर्मनीत सव्वादोन लाखांहून अधिक पेशंटांची नोंद ठेवली, त्यात सुईनं फुप्फुसाला भोक पडल्याचे दोन प्रकार निघाले. म्हणजे क्वचित, पण होतं. खांद्यावर 'खांद्याची विहीर' नावाचा एक बिंदू आहे, त्याच्या खाली फुप्फुसाचं टोक असतं, तिथे नवशिक्यानं सुई खोल घातली की विहिरीला पाणी लागतं. कानाचा धोका वेगळा. कानाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एकदा जंतू शिरले की औषध तिथवर पोचायला वेळ लागतो आणि कान कायमचा चुरगळल्यासारखा होतो. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. दुसरीकडे कुणीतरी त्यांच्या कानात टाचणीसारख्या छोट्या सुया खोचून दहा दिवस तशाच ठेवल्या होत्या, ऐन पावसाळ्यात. कान लालबुंद, गरम, हात लावू देईनात. त्यांनाही मधुमेह होता. मी काहीही न करता त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, पंधरा दिवस प्रतिजैविकं चालली. म्हणून आईच्या कानात रुतवून ठेवायच्या सुया अजिबात नकोत. पावलांत संवेदना कमी झाली असेल तर तिथेही सुई नको. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली परिषद आहे, नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातंय का, ते बघा. गोळ्यांची पिशवी न बघता सुई उचलणाऱ्याकडून उठून या.

आणि आईला बियाच हव्या असतील तर? लावू द्या, गोळ्या चालू ठेवून. त्या चीनमधल्या एका तणाच्या असतात, मोहरीपेक्षा जराशा मोठ्या, काळ्या. नाव 'वांग बु ल्यू शिंग', म्हणजे राजानं अडवलं तरी न थांबणारी. मेथीचे दाणे बोटांना बांधतात ते वेगळं, ती सुजोक, कोरियातली अलीकडची पद्धत. एका वेळी एकच कान. दिवसातून तीन-चारदा दाबायच्या, चोळायच्या नाहीत, नाहीतर कातडी सोलवटते. त्या दिवसांत कानाला तेल नको. चौथ्या दिवशी काढायच्या, खाज सुटली किंवा लाल झालं तर त्याच क्षणी. काढताना आईला मान त्या कानाकडे झुकवून बसवा आणि पट्टीबरोबर बी आली ना ते मोजा. वर्षातून एखादा पेशंट मला कानाच्या भोकात गेलेली बी काढण्यासाठीच पुढे पाठवावा लागतो.